गर्डर एकीकडे, बेअरिंग भलतीकडे. आधी काय ठेवायचं?

नवशिका_पूलवाला
मंडळी नमस्कार, पहिलाच धागा आहे, चूकभूल द्यावी घ्यावी. पुलाचं मॉडेल करतोय आणि दोन दिवस एकाच जागी अडकलोय.

तीन स्पॅन (दोन आधारांमधले टप्पे), प्रत्येकी ३० मीटर, सिंपली सपोर्टेड, म्हणजे गर्डर दोन्ही टोकांवर नुसते टेकलेले. चार प्रीकास्ट गर्डर (आधीच ओतलेल्या तुळया) ३ मीटर अंतराने, म्हणजे मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना १.५ आणि ४.५ मीटरवर. अलाइनमेंट सरळ, लांबीत उतार शून्य, मधून दोन्हीकडे २.५ टक्के क्रॉस स्लोप. स्क्यू २० अंश, म्हणजे पिअर काटकोनातून तेवढे फिरलेले. पिअरवर (पुलाच्या खांबावर) बेअरिंगच्या, म्हणजे गर्डरच्या टोकाखालच्या आधारांच्या, दोन ओळी, पिअरच्या मध्यरेषेपासून ५०० मिमी इकडे आणि ५०० तिकडे.

गर्डर सॉफ्टवेअरने स्वतः टाकले, मी फक्त सपोर्ट लाइन (आधारांची रेषा) आणि अंतरं दिली. बेअरिंग मात्र माझ्या एक्सेलमधून कोऑर्डिनेट काढून हाताने टाकलेत. थ्रीडीत बघतो तर बेअरिंग गर्डरच्या टोकाखाली नाहीतच! डावीकडच्या कडेच्या गर्डरचे सव्वातीन मीटर पुढे गेलेत (कुठे ३.२४ कुठे ३.३१), उजवीकडच्या कडेच्या गर्डरचे तेवढेच मागे. आतल्या दोघांचे साधारण १.१ मीटर चुकलेत, तेही तसेच एक पुढे एक मागे. आणि लेव्हल बघितली तर गर्डरचा तळ बेअरिंगच्या माथ्याच्या ६५ मिमी खाली, सगळीकडे.

प्रश्न असा की आधी बेअरिंग ठेवून त्यावर गर्डर बसवायचे की आधी गर्डर ठेवून खाली बेअरिंग सरकवायचे? आमचे सिनियर म्हणतात साईटवर आधी बेअरिंग बसतं मग गर्डर येतो, तर मॉडेलमध्येही तसंच कर. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

(सॉफ्टवेअरचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, नाहीतर धागा त्याच भांडणात जाईल.)

तिरकस
नाव नाही लिहिलंस तरी जाईल. जागा धरून बसतो.

घसरता_थर
सिनियरचं म्हणणं बांधकामाच्या क्रमाला बरोबर आहे पण भूमितीच्या क्रमाला उलटं आहे. लेव्हल वरून खाली येतात. रस्त्याची तयार लेव्हल ठरलेली असते, त्यातून वेअरिंग कोट (रस्त्याचा वरचा थर) वजा, स्लॅब वजा, हाँच (स्लॅब आणि गर्डरमधली भर) वजा, गर्डरची उंची वजा, बेअरिंगची प्लेटांसकट उंची वजा, मग जे उरतं तो पेडेस्टलचा (बेअरिंगखालच्या ठोकळ्याचा) माथा. खालून सुरुवात केलीस तर सगळ्या चुका रस्त्यावर जाऊन साचतात आणि रस्ता तर हलवता येत नाही.

शून्य_उतार
+१. प्लॅनमध्ये मात्र वरून पण नाही आणि खालून पण नाही, सपोर्ट लाइनवरून. गर्डरचं टोक पण तिच्यावरून आणि बेअरिंग पण तिच्यावरूनच. ओपनब्रिज मॉडेलरमध्ये क्रमच असा आहे की आधी पुलाची अलाइनमेंट, मग सपोर्ट लाइन, डेक, बीम लेआउट, त्यानंतर पिअर आणि बेअरिंग. सपोर्ट लाइन हलवली की बाकीचं तिच्या मागे येतं. तू बेअरिंगला कोऑर्डिनेट हाताने दिलेस म्हणजे त्यांची नाळ तोडलीस. आता गर्डर कुठेही गेले तरी ते बिचारे तिथेच उभे.

जुना_खांब
"वरून खाली" हा नियम नव्या पुलाला. मी डेक बदलायचं एक काम केलं होतं, पिअर जुनेच ठेवायचे होते. तिथे पिअर कॅपचा माथा मोजून आला आणि तो काय बाबा आहे तो आहे. मग खालूनच सुरुवात, गर्डरची उंची ठरलेली, आणि सगळा फरक हाँच आणि पेडेस्टलमध्ये जिरवायचा. तिथे सिनियर म्हणतात तेच बरोबर होतं. तेव्हा आधी काय हे पुलाला विचारायचं, सॉफ्टवेअरला नाही. जे हलवता येत नाही तिथून सुरुवात करा.

आणि एक्सेलला नावं ठेवू नका कोणी. आम्ही अख्खे पूल एक्सेलमध्ये काढलेत.

घसरता_थर
काका, मान्य आहे, जुन्या पिअरचं माझ्या डोक्यात नव्हतं. एक्सेलला मी काही बोललोच नाही हो :)

नोड_क्रमांक_७
कोणी त्याच्या आकड्यांकडे बघितलं का? मी आकडेमोड केली. २० अंशाचा स्क्यू असेल तर मध्यरेषेपासून ४.५ मीटरवरचा गर्डर सपोर्ट लाइनला ४.५ गुणिले टॅन २०, म्हणजे १.६४ मीटर पुढे किंवा मागे भेटतो. १.५ मीटरवरचा ०.५५ मीटर. आता याची चूक किती? ३.२८ आणि १.०९. बरोब्बर दुप्पट!

म्हणजे स्क्यू आहे, फक्त उलटा आहे. गर्डर एका बाजूला तिरके कापलेत आणि बेअरिंगची ओळ दुसऱ्या बाजूला तिरकी आहे. तुझ्या सॉफ्टवेअरला अधिक २० म्हणजे एक दिशा कळते, तुझ्या एक्सेलला दुसरी. मध्यरेषेवर गर्डर असता तर तो तंतोतंत जुळला असता आणि तू अजून दोन दिवस घालवले असतेस.

तिरकस
वा! शेरलॉक.

चिवट_रबर
पण स्क्यूचा कोन ९० मधून वजा करायचा राहिला असंही असू शकतं ना? काही ठिकाणी स्क्यू अलाइनमेंटच्या लंबापासून मोजतात आणि काही ठिकाणी थेट अलाइनमेंटपासून. एकाचे २० ते दुसऱ्याचे ७०. मला हे एकदा भोवलंय.

नोड_क्रमांक_७
ते पण तपासलं. टॅन ७० म्हणजे २.७५. मग कडेच्या गर्डरला चूक ४.५ गुणिले (२.७५ वजा ०.३६), साधारण १०.७ मीटर आली असती. एवढी चूक लपत नाही, ३० मीटरच्या स्पॅनमध्ये एक तृतीयांश आत येऊन बेअरिंग उभं राहिलं असतं. हे चिन्हच आहे.

आडवा_पट्टा
चिन्हावरून ती ऱ्हाईनवरच्या लाउफेनबर्गच्या पुलाची गोष्ट आठवली. एक काठ जर्मनीत, एक स्वित्झर्लंडमध्ये. दोघांचे समुद्रसपाटीचे संदर्भ वेगळे, एकाचा उत्तर समुद्राचा, दुसऱ्याचा भूमध्य समुद्राचा, फरक २७ सेंमीचा. तो फरक आहे हे सगळ्यांना माहीत होतं, हिशोबात धरलाही होता, पण उलट्या चिन्हाने. २००३ साली काम चालू असताना लक्षात आलं की दोन बाजूंमध्ये ५४ सेंमीचा फरक पडलाय. तिथेही बरोब्बर दुप्पट!

त्यामुळे नवशिक्या, वाईट वाटून घेऊ नकोस, दोन देशांचं झालंय तर तुझं काय.

निव्वळ_वाचक
वाखुसा (वाचनखूण साठवली). मला यातलं ओ की ठो कळत नाही पण मजा येतेय. स्क्यू म्हणजे पूल तिरका का?

आडवा_पट्टा
पूल सरळच जातो, त्याचे पाय तिरके पडतात. खालची नदी किंवा रस्ता काटकोनात नसला की पिअर प्रवाहाच्या दिशेने फिरवावे लागतात.

घसरता_थर
६५ मिमीचं काय? नवशिक्या, तुझ्या एक्सेलमधली लेव्हलची साखळी इथे टाक बघू.

चिवट_रबर
मला ते कॅम्बर वाटतंय. प्रीस्ट्रेसमुळे गर्डर मधे वर उचलला जातो.

घसरता_थर
कॅम्बर टोकाशी शून्य असतो हो. बेअरिंगवर कॅम्बरने फरक पडत नाही, मधल्या हाँचवर पडतो. आणि हा तर सगळीकडे सारखा ६५ म्हणतोय. सारखी चूक म्हणजे कुठलातरी एक थर खाल्ला गेलाय.

नवशिका_पूलवाला
बापरे, एवढे प्रतिसाद! नोड_क्रमांक_७ तुम्हाला साष्टांग. आत्ताच तपासलं, सॉफ्टवेअरमध्ये स्क्यू घड्याळाच्या दिशेने अधिक आहे आणि मी एक्सेलमध्ये गणिताच्या पुस्तकासारखा उलट्या दिशेने अधिक धरला होता. चिन्ह बदलल्यावर सगळे बेअरिंग गर्डरच्या टोकांपाशी आले. टोकांपाशी आले म्हणतोय, टोकांखाली नाही, कारण अजून ३२ मिमी चुकतंय. हे मला कळत नाहीये.

लेव्हलची साखळी अशी. मध्यरेषेवर तयार रस्ता १००.००० धरलाय. कडेच्या गर्डरला क्रॉस स्लोपचे ११२.५ मिमी वजा. मग स्लॅब २२०, हाँच ४०, गर्डर १८००, बेअरिंग ७५. पेडेस्टलचा माथा ९७.७५२५.

घसरता_थर
वेअरिंग कोट कुठाय? :)

नवशिका_पूलवाला
६५ मिमी. डोक्याला हात लावलाय.

घसरता_थर
६५ धरून एकूण २२०० वजा व्हायला हवेत, तू २१३५ केलेस. कडेचा पेडेस्टल ९७.६८७५ आणि आतला ९७.७६२५, दोघांत ७५ चा फरक, तो बरोबर आहे कारण ३ मीटरचे २.५ टक्के ७५ च. सॉफ्टवेअरने कोट आपोआप वजा केला होता म्हणून गर्डर खाली आणि तुझे बेअरिंग वर राहिले.

अजून एक, गर्डर तू ओळंब्यात उभा ठेवलास ना? मग वरच्या फ्लँजची रुंदी १ मीटर असेल तर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हाँच २५ मिमीने बदलतो. ४० हे मधल्या रेषेवरचे असतील तर कमी बाजूला साडेसत्तावीसच उरतात. आणि कॅम्बर येऊन मध्यावर अजून कमी होणार. ते एकदा बघून घे, नाहीतर गर्डरचा माथा स्लॅबमध्ये घुसतो.

शून्य_उतार
३२ मिमीचं सोपं आहे. ५०० मिमी तू कुठल्या दिशेने मोजलेस? पिअरच्या मध्यरेषेला लंब मोजलेस तर गर्डरच्या दिशेने ते ५०० भागिले कॉस २०, म्हणजे ५३२ होतात. सॉफ्टवेअरमध्ये ती पेटी बहुतेक अलाइनमेंटच्या दिशेने मोजतेय. एकाने ५३२ धरले एकाने ५००, झाले तुझे ३२.

नोड_क्रमांक_७
अरे हो! म्हणूनच त्याला कुठे ३.२४ आणि कुठे ३.३१ येत होते. ३.२८ मधून ३२ मिमी वजा आणि अधिक. ते मी सोयीस्करपणे दुर्लक्षित केलं होतं. माझे मार्क कापा.

साईटवाली
आता साईटवरून एक बोलू का. हे ३२ मिमी तुम्हाला स्क्रीनवर मजेशीर वाटतात, आम्हाला पिअर कॅपमध्ये बेअरिंगच्या बोल्टसाठी आधीच सोडलेली भोकं जुळवायची असतात. ड्रॉइंगवर ५०० लिहिताना बाण लंब काढा किंवा गर्डरच्या दिशेने काढा, पण काढा. नुसतं ५०० लिहून पाठवू नका.

आणि पेडेस्टल ९७.६८७५ असं पाठवलंत तर आम्ही हसतो. चौथा दशांश काँक्रीटला कळत नाही. पण मनाने गोल करू नका, गोल केलेला आकडा परत मॉडेलमध्ये टाका, नाहीतर ड्रॉइंग एक सांगतं आणि मॉडेल दुसरं.

अजून एक दुखणं. एका कामात गाइडेड (एकाच दिशेला सरकू देणाऱ्या) बेअरिंगवरचे सरकायच्या दिशेचे बाण सगळे पिअरच्या लंब दिशेने काढून आले होते, स्क्यूसकट फिरवलेले. मॉडेल करणाऱ्याने बेअरिंगचा ब्लॉक सपोर्ट लाइनला चिकटवला आणि तो आपोआप फिरला, कोणी बघितलंच नाही. नशीब, बसवायच्या आधी आमच्या फोरमनला शंका आली.

चिवट_रबर
साईटवाली ताईंशी शंभर टक्के सहमत. समजा स्थिर बेअरिंगपासून १२० मीटर सलग डेक आहे आणि तापमान ३० अंशांनी बदललं, तर काँक्रीट किंवा स्टील साधारण ४३ मिमी सरकतं. गाइड २० अंशाने चुकीचा फिरवला तर त्यातले १५ मिमी गाइडच्या आडवे जाऊ बघतात. तिथे जागा काही मिलीमीटरच असते. मग एकतर गाइड तुटतो नाहीतर पिअर ढकलला जातो.

वळणाच्या पुलावर तर अजून मजा. तिथे गाइड वळणाच्या स्पर्शरेषेत ठेवायचे की स्थिर बेअरिंगकडे तोंड करून, यावर दोन पंथ आहेत.

तिरकस
आता पंथ निघाले. धागा शंभरी गाठणार.

वळणावळणाने
वळणाचं निघालंच आहे तर माझं पण घुसडतो. त्रिज्या ३०० मीटर, स्पॅन ३०, गर्डर सरळच आहेत. सॉफ्टवेअरमध्ये गर्डर टाकले की मध्यावर स्लॅबची कड एका बाजूला खूप बाहेर आणि दुसऱ्या बाजूला आत येते. हे असंच असतं का?

शून्य_उतार
असंच असतं. वळणाची जीवा आणि कंस यांच्यातलं अंतर लांबीचा वर्ग भागिले आठ त्रिज्या, म्हणजे ९०० भागिले २४००, ३७५ मिमी. टोकं वळणावर बसवलीस तर मध्यावर पूर्ण ३७५ एकाच बाजूला जातात. आम्ही गर्डर निम्म्याने बाहेरच्या बाजूला सरकवतो, मग टोकाशी १८७ एका बाजूला आणि मध्यावर १८८ दुसऱ्या बाजूला. बेअरिंगपण तेवढेच सरकतात हे विसरू नकोस, पिअर कॅपची लांबी त्यावर ठरते.

आणि पिअरवर मागच्या आणि पुढच्या स्पॅनचे गर्डर एका रेषेत नसतात, तुझ्या पुलात त्यांच्यात ५.७ अंशांचा कोन पडेल. दोन ओळींची बेअरिंग वेगवेगळी फिरवावी लागतील.

गाठ_मारली
सगळे भूमितीत रमलेत. ॲनालिसिसमध्ये बेअरिंग कुठे ठेवता ते बोला की. मी नवीन होतो तेव्हा गर्डरचा नोड (मॉडेलमधला बिंदू) त्याच्या सेंट्रॉइडवर (छेदाच्या गुरुत्वमध्यावर), बेअरिंग तिथून ९०० मिमी खाली, मधे रिजिड लिंक (न वाकणारा जोड), सगळं पुस्तकात असतं तसं. आणि दोन्ही टोकांना बेअरिंगला आडवी हालचाल बंद केली. मध्यावरचा मोमेंट (वाकवणारा परिणाम) बघतो तर कमी! मला वाटलं मी काहीतरी भारी शोधलं. खरं असं होतं की गर्डर वाकताना तळाची टोकं बाहेर सरकू बघतात, ती अडवली की आडवी रिअॅक्शन येते आणि ९०० मिमीच्या भुजेने ती उलटा मोमेंट लावते. पोर्टल फ्रेम (पाय अडकवलेली चौकट) झाली होती माझ्या सिंपली सपोर्टेडची. नोड सेंट्रॉइडवरच टेकवला असता तर हे दिसलंच नसतं, म्हणून बेअरिंग खऱ्या उंचीवर ठेवायचं आणि एक टोक सोडायचं किंवा रबराची खरी स्टिफनेस (ताठपणा) द्यायची.

जुना_खांब
लिंकच्या लोकल अक्षांची पण एक पोस्ट होऊन जाऊ दे. मिडास सिव्हिलमध्ये इलॅस्टिक लिंकचा (बेअरिंगच्या जागी टाकायच्या स्प्रिंगचा) लोकल एक्स पहिल्या नोडकडून दुसऱ्या नोडकडे जातो, म्हणजे उभ्या बेअरिंगला उभी स्टिफनेस एक्समध्ये द्यायची. ग्लोबल झेड उभा म्हणून पोरं झेडमध्ये देतात. सीएसआयब्रिजमध्ये उभा अक्ष हा पहिला, यू१. ४०० बाय ५०० चं रबर, ५० मिमी जाडी, जी (रबराचा शिअर मॉड्युलस) ०.९ मेगापास्कल धरला तर आडवी स्टिफनेस ३६०० किलोन्यूटन प्रति मीटर. आमच्या एका पोराने ती उभ्या दिशेत टाकली. ९०० किलोन्यूटनची रिअॅक्शन, डेक २५० मिमी खाली बसला. पोरगा म्हणे, सर, रबर मऊ असतं ना.

तिरकस
=)) =)) रबर मऊ असतं ना!

चिवट_रबर
माझ्या नावाचा अपमान सहन केला जाणार नाही. मधे स्टीलच्या प्लेटा कशाला घालतात मग, उभ्या भाराखाली रबर बाजूंना फुगू नये म्हणूनच ना.

गाठ_मारली
अवांतर, पण हे मॉडेल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाठवणार असाल तर बेअरिंग नुसते ठोकळे म्हणून जातात असा माझा अनुभव. आयएफसी (मॉडेल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायचा सामायिक फॉरमॅट) ४.३ मध्ये बेअरिंगला स्वतःचा वर्ग आहे, त्यात इलॅस्टोमेरिक, पॉट, गाइड, रोलर असे प्रकारही आहेत, २०२४ मध्ये आयएसओ १६७३९ म्हणून प्रसिद्धही झालं. पाठवताना प्रकार भरायचे कष्ट घ्यावे लागतात एवढंच.

नवशिका_पूलवाला
बातमी! हाताने टाकलेले सगळे बेअरिंग उडवले, सपोर्ट लाइनला बांधून परत टाकले, ५३२ दिले, ६५ वजा केले. आता प्लॅनमध्ये शून्य फरक, लेव्हलमध्ये शून्य फरक. एक्सेल ठेवलंय, फक्त तपासायला. साईटवाली ताई, बेअरिंग गर्डरच्या दिशेतच ठेवलेत, पिअरसोबत फिरवले नाहीत, आणि पेडेस्टल ९७.६९० आणि ९७.७६० गोल करून परत मॉडेलमध्ये टाकले, उरलेले अडीच मिमी हाँचमध्ये जिरवले.

पण ॲनालिसिस चालवला तर आता नवीन शंका. एकूण रिअॅक्शन एकूण वजनाएवढीच येतेय, ते ठीक. पण प्रत्येक स्पॅनमध्ये कर्णात समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतल्या बेअरिंगवर जास्त येतंय आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांत कमी. गर्डर तर चारही सारखेच आहेत. परत काहीतरी उलटं झालं का?

जुना_खांब
जास्त कुठल्या कोपऱ्यांत येतंय? विशालकोनाच्या की लघुकोनाच्या?

नवशिका_पूलवाला
थांबा, बघतो. विशालकोनाच्या.

नोड_क्रमांक_७
मग झालं. तिरका डेक भार जवळच्या वाटेने, म्हणजे विशालकोनाच्या कोपऱ्यांकडे नेतो. लघुकोनाकडे कमी येणार, स्क्यू खूप असेल तर तिथे बेअरिंग उचलूही शकतं, २० ला नाही. ड्रॉइंगमध्ये नदीच्या दिशेने बघ, मॉडेलमधले विशालकोन त्याच हाताला आहेत का.

नवशिका_पूलवाला
त्याच हाताला आहेत.